शकुंतलेची झडप आणि मोटारीचा मेंदू

#धागा
मोटारीच्या इंजिनातील ‘व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग’ ही संगणकयुगाची देणगी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. १९८० साली अल्फा रोमिओने ते विक्रीच्या मोटारीत आणले, १९८९ साली होंडाच्या ‘व्हीटेक’ने त्याला प्रसिद्धी दिली. परंतु झडप केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी हे चालू इंजिनात बदलण्याची कला वऱ्हाडात त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. मूर्तिजापूरच्या फलाटावर ती रोज ऐकू येत असे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पूर्ण झाला. कापूस मात्र मुख्य मार्गापासून दूरच्या गावांतही पिकत होता. तो उचलण्यासाठी किलिक निक्सन या कंपनीने अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. मूर्तिजापूर हा सांधा: एक फाटा यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटमार्गे अचलपूरला. एकूण सुमारे १९० किलोमीटर. लोकांनी या गाडीचे नाव ठेवले शकुंतला. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, हा वादाचा विषय वेगळ्या धाग्याचा.

१९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले ‘झेडडी’ जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढू लागले.

आता झडपेकडे. गाडी जागेवरून हलवताना जोर हवा असतो, म्हणून दट्ट्याच्या बहुतेक सगळ्या धावेत सिलिंडरमध्ये वाफ येऊ दिली जाते. वेग आला की तेवढी वाफ हा निव्वळ अपव्यय. चालक मग दांडा मध्याकडे ओढतो. झडप लवकर मिटते, आणि कोंडलेली वाफ प्रसरण पावत उरलेले काम करते. वाफेच्या प्रसरणाचा हा उपयोग जेम्स वॉटने १७८२ मध्येच पेटंटबद्ध केला होता. रेल्वे इंजिनात तो सोयीचा झाला १८४० च्या दशकात, स्टीफन्सनच्या कारखान्यातील जोडसांध्याने आणि बेल्जियमच्या एगिड वॉल्शर्ट याच्या १८४४ च्या रचनेने. मौज अशी की इंजिन पुढे-मागे करणारा दांडाच कोळसाही वाचवीत असे.

दोष ओळखण्याचे साधन होते कान. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुत्कार निघतात. ते समान अंतराने, समान जोराने यायला हवेत. एक दुबळा किंवा उशिरा आला, तर इंजिन ‘लंगडते’. मग फिटर चाक ठरावीक स्थितीत उभे करी, ब्रेक लावी, थोडी वाफ सोडी आणि ती कुठून निसटते ते पाही. नको तिथे वाफ दिसली, तर झडप किंवा दट्ट्या गळतो आहे. गळती नसेल, तर झडपेची मांडणी सरकली आहे. आधी लक्षण, मग स्थिती, मग भाग. हा क्रम महत्त्वाचा, कारण चुकीचा भाग उघडला की इंजिन विनाकारण शेडमध्ये अडकून पडे.

१५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन आले. नेहमीच्या रेल्वे डिझेलमध्ये झडपांची वेळ कायमची ठरलेली असते. जोर वाढवायचा तो इंधनाच्या मात्रेने. म्हणजे या मार्गावर जुने इंजिन बदलत्या वेळेचे आणि नवे स्थिर वेळेचे. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ चढणीचा नसतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवरच्या आजच्या मोटारींत दांड्याचे काम इंजिन तेल करते. कॅमशाफ्टच्या टोकाशी बसवलेली चकती तेलाच्या दाबाने काही अंश मागे-पुढे फिरते. तेल कुणीकडे सोडायचे ते विजेवर चालणारी छोटी झडप ठरवते, आणि तिला हुकूम संगणकाचा. बिघडले की गाडी उभ्या जागी थरथरते, ओढ कमी होते, पेट्रोल जास्त पिते, थंड इंजिन सुरू करताना खडखडते. यंत्र जोडले की ‘पी००११’ असा संकेत दिसतो: कॅमशाफ्ट अपेक्षेपेक्षा पुढे गेला आहे.

इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. संकेत फरक सांगतो, दोषी भाग सांगत नाही. तेवढ्यावर महाग चकती बदलली जाते, आणि दोष बहुधा निघतो काळ्या पडलेल्या तेलात किंवा गाळाने बुजलेल्या बारीक जाळीत. जाणता मिस्त्री प्रथम तेलाची पातळी आणि रंग पाहतो. मग छोट्या झडपेला वीज पोहोचते का, ती हलते का. मग संगणकाने मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन यांची तुलना. साखळी आणि चकती उघडण्याची पाळी सर्वांत शेवटी.

शकुंतलेच्या मालकीचे करार आणि रॉयल्टीचे आकडे आजही वर्तमानपत्रांत चर्चिले जातात. तिचे चार फुत्कार ऐकून दोष सांगणाऱ्या फिटरांची विद्या मात्र कुणी लिहून घेतली नाही तर त्यांच्याबरोबरच जाणार आहे. १९९४ साली पंचविशीत असलेला फिटर आज साठीच्या आत आहे. मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर इथे ज्यांचे कुणी या मार्गावर नोकरीला होते, त्यांनी मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण सुरू करून एवढेच विचारावे: इंजिन लंगडायला लागले की आधी काय पाहायचे?