मिरे, मिरची आणि तिखट बोलणे

भाषेचा इतिहास शोधताना आपण शिलालेख, ताम्रपट आणि बखरी चाळतो. स्वयंपाकघराकडे सहसा फिरकत नाही. वस्तुतः एखादा वाक्प्रचार किती जुना असू शकेल, ह्याची साक्ष पुष्कळदा तेथील मसाल्याचे डबेच देतात.

मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपास कळली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तेव्हा ‘नाकाला मिरच्या झोंबणे’ हा वाक्प्रचार कितीही अस्सल देशी वाटला, तरी त्याआधी तो कोणा मराठी माणसाच्या तोंडी असणे शक्य नाही. ज्ञानेश्वरांच्या काळी झोंबावयाचे ते मिरेच. ‘डोक्यावर मिरे वाटणे’ ह्यात ते टिकून राहिले आहे. अर्थात तेवढ्याने हा प्रयोग प्राचीन ठरत नाही, कारण मिरची आली तरी मिरे घरातून गेले नाहीत.

नव्या पाहुणीचे बारसे तीन भाषांत एकाच रीतीने झाले. स्पॅनिशात मिऱ्यांना ‘पिमिएंता’ म्हणत, त्यावरून मिरची ‘पिमिएंतो’ झाली. इंग्रजांनी दोहोंस ‘पेपर’ हा एकच शब्द पुरविला. आपण मिऱ्यांवरून मिरची केली. चवीचे नाव ठेवताना मात्र वाटा फुटल्या. इंग्रजाला ती चव ‘हॉट’, म्हणजे ऊन लागते, स्पॅनिश माणसाला ‘पिकांते’, म्हणजे टोचणारी. आपले ‘तिखट’ हे ‘तीक्ष्ण’ ह्या संस्कृत शब्दाच्या कुळातले, म्हणजे मुळात शस्त्राच्या धारेचे. धारेवरून जिभेवर आलेला हा शब्द ‘तिखट बोलणे’ ह्यात पुन्हा धारेकडेच वळला आहे. स्पॅनिशात चावट विनोदही ‘पिकांते’ असू शकतो. मराठीतले तिखट बोलणे चावट नसते, ते कापते. बोलणाऱ्याला ‘तीक्ष्ण’ आठवत नसेल, अर्थाला ते आठवते. पुढे तिखट हे मिरचीच्या पुडीचेच नाव झाले आणि लोक हकिकतीला ‘तिखटमीठ’ लावू लागले.

अठराव्या शतकात होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या मराठीला ह्या बाबतीत हिंदीचा शेजार लाभला. ‘नमक-मिर्च लगाना’ ऐकून इंदूरचे मराठी मूल ‘मीठमिरची लावू नकोस’ म्हणते, त्यात काही बिघडत नाही. चित्र शाबूत राहते. पण ‘त्याची डाळ गळली नाही’ असे वहीत आले की मी थांबतो. हिंदीत ‘गलना’ म्हणजे शिजून मऊ होणे. मराठीत गळते ती घागर किंवा छप्पर. आपली डाळ शिजायचीच असते.

ह्याहून अवघड गत ‘मिरे वाटणे’ ह्याची झाली आहे, आणि तो दोष हिंदीचा नव्हे. घरोघरी विजेचे यंत्र आले. पाटा-वरवंटा न पाहिलेल्या मुलांना ‘वाटणे’ म्हणजे प्रसादासारखे वाटप वाटते, आणि उद्दाम माणूस दानशूर ठरतो. वाक्प्रचारांच्या कोशात अर्थ मिळतो, पण तेवढ्याने भागत नाही. फळ्यावर पाटा काढून दाखवावा लागतो.