दिलबाग, डार्ली आणि देवणीचा वळू

१७०४ साली थॉमस डार्ली नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं सीरियातल्या अलेप्पोहून एक अरबी घोडा यॉर्कशायरला धाडला. त्यानंतर चारच वर्षांनी गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. त्यांच्या ‘दिलबाग’चा वंश हुजूर साहिबच्या तबेल्यात आजही चालू आहे, अशी भाविकांची श्रद्धा. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत ते घोडे मी पाहिलेत. सजवलेले, दिमाखदार, आणि पाठीवर कुणी नाही!

तिथे प्रश्न श्रद्धेचा आहे, तो तसाच राहू दे. डार्लीच्या घोड्याचं मात्र सगळं वहीत आहे. वेदरबींचं ‘जनरल स्टड बुक’ १७९१ पासून शर्यतीच्या घोड्यांचे आईबाप लिहून ठेवतंय. आज अशा दर शंभर नरांपैकी साधारण ९५ बापाच्या बाजूने थेट या एका घोड्यापर्यंत पोचतात. आता गंमत बघा. एकूण रक्तातला त्याचा वाटा किती? २००१ च्या एका अभ्यासानुसार जेमतेम साडेसहा टक्के. म्हणजे मोठ्या घराण्याचं नाव सांगून शिंगरू महाग विकता येतं, पण नुसत्या बापाच्या ओळीवरून ते कसं निघेल हे कळत नाही.

खरं तर साडेसहा टक्केही जास्तच. दर पिढीला वाटा निम्मा होतो, दहा पिढ्यांत १०२४ वा भाग उरतो. तरी एवढा टिकला, कारण तेच पूर्वज झाडात पुन्हा पुन्हा येतात. ब्रीडर हे ‘३×४’ असं लिहितात: एकच नाव बापाकडून तिसऱ्या पिढीत, आईकडून चौथ्या. १९२२ मध्ये सीवॉल राइटनं याचं सूत्र दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्राफमधले सामाईक नोड शोधायचे आणि प्रत्येक वाटेवर निम्मं करत जायचं. बाप-लेकीचा संकर झाला तर उत्तर येतं २५ टक्के. असं सतत होत गेलं की वासरं अशक्त निघतात, गायी गाभण राहत नाहीत.

आणि इथे मला घोड्यांपेक्षा आमच्या लातूरची देवणी आठवते. गीर, डांगी आणि गावठी जनावरांतून घडलेली ही जात शेतकरी रंगावरून ओळखतो: वानेरा, बालंक्या, शेवेरा. डोळा तयार असतो राव, त्यात शंका नाही. पण गावात एकच देखणा वळू पाच-सहा वर्षं राहिला, तर त्याचीच कालवड त्याच्याकडे येते. रंग मात्र उत्तमच दिसतो! त्यासाठी स्टड बुक कशाला हवं? गोठ्याच्या भिंतीवर कालवडीच्या बापाचं नाव, किंवा कृत्रिम रेतन असेल तर वळूचा क्रमांक, कोळशानं लिहिला तरी चालेल.