चारुदत्ताचा उंबरा आणि खंजनाचे अंगण

गेल्या पितृपंधरवड्यात आमच्या फ्रीगंजातील घरी अंगणावरून मतभेद झाला. अंगण म्हणण्याजोगे आता फारसे उरलेले नाही. ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत असताना आजोबांनी हे घर बांधले, तेव्हा पुढे बाग, मागे परस आणि बाजूने मातीची वाट होती. पुढे वाटण्या झाल्या, मोटारी आल्या, आणि अखेर बुजवलेल्या विहिरीजवळचा चार हात रुंद मातीचा पट्टा तेवढा राहिला. दिवाळीपूर्वी त्यावरही फरशी घालावी, असे वहिनींचे म्हणणे. चिखल घरात येतो, डास होतात, आणि म्हातारपणी कोणाचा पाय घसरला तर निस्तरायचे कोणी? तिन्ही कारणे खरी होती. नातवाने मात्र हरकत घेतली, "अगं आजी, तिथं धोबी येतो!"

हा धोबी म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचा, शेपूट सतत खालीवर हलवीत जमिनीवर तुरुतुरु धावणारा चिमणीएवढा पक्षी. कोणी त्याला परीट म्हणतात. संस्कृतात तो खंजन. पावसाळा सरला की हिमालयातून आणि त्यापलीकडच्या मध्य आशिया-सैबेरियातून हे पक्षी आपल्याकडे उतरतात व चैत्राच्या सुमारास परततात. एका पाखराचा अंगणावर हक्क पोहोचतो काय, हा प्रश्न त्या दिवशी हसण्यावारी गेला. पण उज्जयिनीत राहणाऱ्यांनी तो इतक्या सहज सोडू नये, असे आम्हांला वाटले. कारण या नगरीत तो फार जुना आहे.

'मृच्छकटिक' आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते ते देवलांच्या संगीत नाटकामुळे. मूळ संस्कृत प्रकरणाच्या पहिल्याच अंकात, याच नगरीचा नागरिक असलेला चारुदत्त आपल्या दारिद्र्याचे वर्णन करतो. पैसा गेला, मित्र गेले, हे तर तो सांगतोच. पण त्याहून बोचणारी एक गोष्ट त्याच्या तोंडी आहे. आपल्या उंबऱ्यावर ठेवलेला बळी पूर्वी हंस आणि सारस पाहता पाहता फस्त करीत. आता त्याच उंबऱ्यावर गवत माजले आहे आणि टाकलेल्या मूठभर दाण्यांना कीटकांचीच तोंडे लागतात, असे तो म्हणतो. घराची कळा पक्ष्यांच्या येण्यावरून मोजणारा हा नायक आम्हांला फार जवळचा वाटतो. त्याच नाटकात वसंतसेनेचा वैभवशाली वाडा आहे. विदूषक मैत्रेय तेथील चौकांमागून चौक पाहत जातो, तेव्हा त्याला कबुतरे, पोपट, मैना, झुंजीचे लावे असा पाळलेल्या पक्ष्यांचा मोठा संभार आढळतो. वसंतसेनेकडे पक्षी ठेवलेले आहेत. चारुदत्ताकडे ते आपण होऊन येत असत. नाटककाराने हा भेद मुद्दाम केला की नाही, हे पंडितांनी ठरवावे. पुढच्या काळातील धनिकांनी व राजांनी मात्र बहुधा वसंतसेनेचाच मार्ग धरला. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता, तोही त्याच परंपरेतला.

उंबऱ्यावरचा हा बळी म्हणजे गृहस्थाच्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ. कालिदासाने 'मेघदूता'त दशार्ण देशाचे, म्हणजे आजच्या विदिशेकडील मुलखाचे वर्णन करताना पक्ष्यांना 'गृहबलिभुज' म्हटले आहे, घरचा बळी खाणारे. आपल्या घरांतून पानाभोवतीच्या चित्राहुती, श्राद्धाचा काकबळी आणि लेकरांना भरवताना म्हटलेला चिऊचा-काऊचा घास ही त्याचीच उरलेली रूपे. मात्र या घासावर येणारे कावळा, चिमणी, कबुतर हे सारे घरचेच. हिवाळ्यात दूर देशाहून येणारा पाहुणा आपल्या दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग त्याला अंगणात आणते कोण?

याचे उत्तर शोधताना आम्ही वराहमिहिरापाशी येऊन थांबलो. सहाव्या शतकातील हा अवंतीचा ज्योतिषी. त्याने आपल्या वास्तव्याचे म्हणून जे कपित्थक सांगितले आहे, ते उज्जैनच्या पूर्वेस असलेले कायथा असावे, असे अनेक विद्वान मानतात. उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६० च्या दशकात उत्खनन करून प्रकाशात आणले, तेच हे कायथा. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खंजनलक्षणाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. ग्रहणे, पर्जन्य, भूकंप, रत्ने, वास्तू अशा विषयांच्या पंक्तीला एवढ्याशा पक्ष्याने येऊन बसावे, याचे प्रथम नवल वाटते. पण वाचू लागले की ध्यानात येते, ग्रंथकाराने हा पक्षी नुसता ऐकलेला नाही, पाहिलेला आहे.

तो खंजनाचे चार प्रकार सांगतो. काळ्या गळ्याचा व उंच मानेचा तो 'भद्र', मुखापासून कंठापर्यंत काळा तो 'संपूर्ण', गळ्यावर केवळ काळा ठिपका असून गालाकडे पांढरा तो 'रिक्त', आणि पिवळा तो 'गोपीत'. पहिले दोन शुभ, पुढचे दोन अशुभ. आजचे पक्षिशास्त्र वेगळेच सांगते. पिवळे धोबी या निराळ्या जाती आहेत, हे तर सरळच आहे. पण पांढऱ्या धोब्याचा एकच पक्षी हिवाळ्यात गळ्याला पांढरा आणि छातीवर काळी कोर असलेला असतो, आणि परतण्यापूर्वी फाल्गुनाच्या सुमारास पिसे बदलून त्याचा गळा काळा होतो. म्हणजे वराहमिहिराचा 'रिक्त' आणि त्याचा 'भद्र' किंवा 'संपूर्ण' हे काही वेळा एकाच पाखराचे दोन वेष असावेत. हा आमचा तर्क आहे, जाणकारांनी तो तपासावा.

त्याहून महत्त्वाची आहे ती स्थळांची यादी. खंजन कोठे दिसला असता लक्ष्मी देतो? गोड फळांच्या व सुगंधी फुलांच्या झाडांवर, पवित्र जलाशयांपाशी, उद्यानात, हत्ती-घोड्यांच्या पागेत, गाईंच्या गोठ्यात, सारवलेल्या जमिनीवर, दह्याच्या भांड्याजवळ, धान्याच्या राशीवर. अशा ठिकाणी तो दिसला तर राजानेही भूमीवर फुले व धूप यांसह अर्घ्य द्यावे, असे सांगितले आहे. (त्याच अध्यायात, खंजनाची जोडी जेथे रमते तेथे जमिनीखाली निधी असतो आणि जेथे तो ओकतो तेथे काच असते, अशीही माहिती आहे. आमच्या नातवाने ती ऐकून खुरपे मागितले, हे येथे नमूद करणे भाग आहे.) पुढील निबंधग्रंथांनी खंजनदर्शनाचा संबंध विजयादशमीशी जोडला. उत्तरेकडे दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानतात, तशातलीच ही रीत. त्या नीलकंठाला पिंजऱ्यात कोंडून दारोदार दाखवीत पैसे मागणारेही निघाले. वसंतसेनेचाच चौक, पण आता फिरता झालेला.

शकुनाचा भाग बाजूला ठेवून ती यादी पुन्हा पाहावी. गोठा, पागा, सारवण, दही, धान्य, पाणी यांत समान काय आहे? खंजन दही खात नाही की धान्य टिपत नाही. तो माश्या, चिलटे, मुंग्या, अळ्या खातो, आणि या प्रत्येक ठिकाणी माश्या-किडे असतात. ज्योतिष्याने शकुन म्हणून जे लिहून ठेवले, ते पाखराच्या आहाराचे अचूक टिपण आहे.

पाश्चात्त्य देशांत बागेत रानपक्षी बोलावण्याची जी रीत रूढ झाली, ती याहून वेगळ्या गरजेतून. तेथे बर्फाने जमीन झाकली की पाखरे उपाशी मरतात. १८९०-९१ चा कडक हिवाळा इंग्लंडमध्ये पडला, तेव्हा वृत्तपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी अन्न बाहेर ठेवण्याचे आवाहन केले होते. जर्मनीत बॅरन फॉन बेर्लेप्श यांनी त्याच सुमारास घरटीपेट्या आणि चाऱ्याचे उपाय यांवर पद्धतशीर प्रयोग केले. माळव्याचा हिवाळा असा नव्हे. येथे गहू-हरभरा हिरवा असतो, काळ्या मातीत ओल असते, थंडी गुलाबी असते. तिकडचे पक्षी मुळात येथे येतात तेच भरल्या ताटावर. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांबरहुकूम दाण्याची थाळी टांगली तर काय होते, ते आम्ही स्वतः करून पाहिले आहे. पंधरा दिवसांत कबुतरांची फौज जमली आणि गच्चीवर पापड वाळत घालणे बंद झाले. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली मुंबईत उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेलच. उज्जयिनीच्या सज्जांवर कबुतरे झोपत असल्याचे कालिदासानेही लिहिले आहे. त्यांना आणखी आमंत्रणाची गरज नाही.

आपली घराणी अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आली. १८१० साली दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरजवळ लष्करात हलवला, तरी पुष्कळ घरे उज्जैनीसच राहिली. त्यांच्या वाड्यांत पक्ष्यांसाठी म्हणून कोणी काही केले असेल असे वाटत नाही. परंतु मोरीचे पाणी परसात केळींना व अळूला जाई, शेणाचा सडा रोज पडे, गोठ्यामागे उकिरडा असे, तुळशीवृंदावनाभोवती ओल असे, कुंपणाला मेंदी-अडुळसा असे. वराहमिहिराची सारी यादीच त्यात आली! पुढे माधवराव शिंद्यांच्या नावाचे माधवनगर, म्हणजेच बोलण्यातले फ्रीगंज, रेल्वेच्या पलीकडे वसले. तेथे बंगल्याभोवती मोकळी जागा ठेवून राहणारी वकील, मास्तर, कारकून मंडळी हीच राहणी बरोबर घेऊन आली. आमच्या लहानपणी, वेधशाळेकडे फिरायला जाऊन येईपर्यंत, ऐन थंडीत चार-दोन तरी पाहुणे भेटत. कुंपणाच्या भिंतीवर तांबूस शेपूट थरथरवणारा काळसर थिरथिरा, लिंबाच्या शेंड्यात टिक-टिक करणारा न दिसणारा वटवट्या, आणि संध्याकाळी पिंपळाकडे लोटणाऱ्या गुलाबी मैनांच्या, म्हणजे भोरड्यांच्या झुंडी. त्यांची नावे मात्र आम्हांला फार उशिरा कळली, तीही चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'मुळे. साहेबलोकांनी हे आधीच नोंदवले होते. महू छावणीतील स्विन्हो व बार्न्स यांनी १८८५ मध्ये मध्य हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर लिहिले, आणि सलीम अलींची या भागाच्या पाहणीवरील लेखमाला १९३९-४० मध्ये प्रसिद्ध झाली.

पक्ष्यांच्या पायांत कडी घालून केलेल्या अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट आम्हांला सर्वांत विचारात पाडते. करडा धोबी हजारो मैल उडून वर्षानुवर्षे नेमक्या त्याच जागी, कधी शहरातल्या एखाद्या लहानशा बागेतसुद्धा, परत येतो. म्हणजे 'पाखरे काय, दुसरीकडे जातील' हे म्हणणे पुरतेपणी खरे नाही. येणाऱ्याला आपले घर ठाऊक असू शकते.

हे कळले तेव्हा उशीर झाला होता. आई घसरून पडल्यावर आम्ही समोरची सारी बाजू एका उन्हाळ्यात सिमेंटची केली. बोरीचे झाड पायाला धोका म्हणून काढले. त्या हिवाळ्यात थिरथिरा दोन दिवस भिंतीवर बसला, खाली उतरून फरशीवर चोच मारून पाहिली, आणि मग दिसला नाही. पुढल्या वर्षीही नाही. आईच्या पायापुढे पाखराचा विचार करायचा नसतो, हे आजही आम्ही म्हणू. पण दाराकडची वाट सोडून उरलेली बाजू झाकण्याचे कारण नव्हते, हेही तितकेच खरे.

तेव्हा यंदाच्या वादात वहिनींच्या तिन्ही मुद्द्यांवर बोलणे झाले. वाट असलेल्या भागावर फरशी पडली, पायाचा प्रश्न मिटला. उरलेला दोन हातांचा पट्टा तसाच राहिला. त्यात अळूचे आळे पुन्हा लावले आहे. गळालेला पाला झाडून जाळायचा नाही, त्यातच कुजू द्यायचा, कारण त्याखालीच पाहुण्याचे ताट असते. औषध फवारायचे नाही. पाण्यासाठी मातीची पसरट परळ, खोली दोन बोटांहून अधिक नाही. खोल भांड्याच्या काठावर लहान पक्षी बिचकतो. ती रोज सकाळी पालथी करून, घासून भरायची, म्हणजे डासांना अवसर मिळत नाही. हे काम नातवाकडे आहे, आणि तो चुकला की वहिनी स्वतः परळ पालथी करतात, बोलत मात्र काही नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खंजन आला. अळूजवळच्या ओलीत तीनदा धावला, काहीतरी टिपले, परळीच्या काठावर बसून शेपूट हलवली. गळा पांढरा, छातीवर काळी कोर. वराहमिहिराच्या हिशेबाने बहुधा 'रिक्त', म्हणजे अशुभच. वहिनींनी हे ऐकून विचारले, "मग याला शांत काय करतात?" ग्रंथात देव-गुरु-ब्राह्मणांचे पूजन आणि सात दिवस मांसवर्जन सांगितले आहे. आमच्या घरी दुसऱ्याची अडचण नव्हती. वहिनी म्हणाल्या, "फाल्गुनापर्यंत राहू दे, काळा झाला की पाहू," आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.