बाखच्या घरातली शाई

ऑक्टोबर १७३०मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या एका नोकरदार माणसाने आपल्या जुन्या शाळासोबत्याला पत्र लिहिलं. कुठे चांगली नोकरी असेल तर बघ, असं सांगणारं पत्र. नोकरी घेताना सांगितलं होतं तेवढं उत्पन्न नाही, शहर महाग, वरच्या लोकांना संगीताचं फारसं अगत्य नाही. त्यात आणखी एक तक्रार होती. आदल्या वर्षी हवा इतकी चांगली होती, की माणसं नेहमीपेक्षा कमी मेली आणि अंत्यविधीच्या संगीतातून मिळणारे शंभराहून जास्त थालर बुडाले.

हा माणूस म्हणजे योहान सेबास्टियन बाख. पाश्चात्त्य धार्मिक संगीताचं शिखर मानलं जाणारं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ त्याने या पत्राच्या तीनच वर्षं आधी लिहिलं होतं.

मी बाख ऐकायला लागलो तो नोकरीला लागल्यावर. ऑफिसात हेडफोन लावून कोड लिहिताना शब्द नसलेलं संगीत बरं पडतं, इतकंच कारण. ज्याच्याविषयी लोक इतक्या भक्तिभावाने बोलतात, तो माणूस दिवसभर नेमकं काय करायचा, हा प्रश्न मला नंतर पडला. शोधत गेलो तेव्हा सगळीकडे काम दिसलं. आणि तेही त्याच्या एकट्याचं नव्हतं.

बाखचा जन्म १६८५ साली आयझेनाखमध्ये झाला. वडील गावाच्या नोकरीतले वादक. काका, आजोबा, चुलतभाऊ सगळे याच धंद्यात. आपल्याकडे घराणं म्हणतो तसं, फक्त इथे ते शब्दशः एकाच रक्ताचं. दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. ओरड्रुफ गावात ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्याला वाढवलं. बाखच्या मृत्यूनंतर छापलेल्या लेखात तिथली एक गोष्ट आहे. भावाच्या कपाटात मोठ्या संगीतकारांच्या रचनांची एक वही होती आणि तिला हात लावायला मनाई होती. पोराने जाळीतून ती वही बाहेर ओढून चंद्रप्रकाशात सहा महिने नकलून काढली. भावाला कळलं आणि त्याने ती नक्कल काढून घेतली. ही गोष्ट घरातच सांगितली जात असणार, कारण तो लेख लिहिणाऱ्यांत बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल होता. त्या काळी संगीत शिकायचं म्हणजे ते हाताने उतरवून घ्यायचं. नक्कल हेच शिक्षण होतं.

१७०७ साली त्याने नात्यातल्याच मारिया बार्बाराशी लग्न केलं. १७२० साली तो आपल्या मालकाबरोबर, क्योथनच्या राजपुत्राबरोबर, कार्ल्सबादला गेला होता. परत आला तर बायको वारलेली आणि पुरलेलीसुद्धा. घरात चार मुलं. पुढच्या वर्षी त्याने दरबारातल्या वीस वर्षांच्या गायिकेशी लग्न केलं, ती आना माग्दालेना. १७२३मध्ये हे कुटुंब लाइपझिगला आलं. सेंट थॉमस शाळेच्या कँटरची ती जागा बाखला मिळाली, कारण आधी पसंत केलेल्या टेलेमान आणि ग्राउपनर यांना ती घेणं जमलं नाही.

कँटरचं काम होतं मुलांना शिकवायचं आणि शहरातल्या मुख्य चर्चचं संगीत सांभाळायचं. त्यातलं मुख्य म्हणजे कँटाटा : त्या रविवारच्या बायबल-पाठाशी जुळणारी, गायक आणि वाद्यवृंदासाठीची वीस-पंचवीस मिनिटांची रचना. सण धरले तर वर्षाला साधारण साठ लागत. पहिली दोनेक वर्षं बाख जवळजवळ दर आठवड्याला नवी कँटाटा लिहीत होता. पण त्याने मूळ प्रत लिहिली की काम संपत नसे. प्रत्येक गायकासाठी, प्रत्येक वादकासाठी त्याच्या वाट्याचा भाग वेगळ्या कागदावर हाताने उतरवायचा. तोही रविवारच्या आत आणि सरावाला थोडा वेळ ठेवून. हे काम शाळेतली मुलं करत, बाखचे मुलगे करत, आना माग्दालेना करत असे. कँटरचं घर शाळेच्याच इमारतीत होतं. रचना, शिकवणी, नकला आणि संसार, सगळं एका छताखाली.

या घरात आणखी काय चाललं होतं, हे तारखा मांडल्यावर कळतं. बाखला दोन्ही लग्नांतून वीस मुलं झाली, त्यातली दहा मोठी होईपर्यंत जगली. १७२६ ते १७३३ या आठ वर्षांत लाइपझिगच्या त्या घरातून सात लहान मुलं गेली. काही एखाद-दोन दिवसांची, काही तीन-चार वर्षांची. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ याच वर्षांतलं. अमुक सूर अमक्या मुलाच्या दुःखातून आला, असं मी म्हणणार नाही. तसं जोडायला काही आधार नाही. पण मृत्यूविषयीचं हे संगीत लिहिणाऱ्याला तो विषय पुस्तकातून शिकावा लागला नव्हता, एवढं नक्की.

बाखच्या श्रद्धेचा पुरावा म्हणून त्याच्या हस्तलिखितांवरची अक्षरं नेहमी दाखवतात. सुरुवातीला ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाची, शेवटी ‘केवळ देवाचा गौरव’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं. आपल्याकडे कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ घालतात तशी. पण मला जास्त बोलका वाटतो तो त्याचा बायबलचा संच. काल्होव नावाच्या धर्मपंडिताच्या टीकेसह छापलेले तीन खंड, त्यांवर बाखची सही आणि १७३३ साल. १९३४मध्ये ते अमेरिकेत, मिशिगनमधल्या फ्रँकनमुथ गावातल्या एका घरात सापडले. बाखने त्यात छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आहेत, गळलेले शब्द भरले आहेत आणि समासात काही टिपा लिहिल्या आहेत. सॉलोमनच्या मंदिरात वादक आणि गायक एका सुरात येतात आणि मंदिर देवाच्या तेजाने भरून जातं, त्या जागी त्याने लिहिलंय, की भक्तीने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो.

ही टीप वाचताना मला तो आठवड्याचा रगाडा आठवतो. देव संगीतात हजर राहणार असेल, तर आधी व्हायोलिनवाल्याचा कागद तयार पाहिजे. तो कुणीतरी रात्री बसून लिहिला पाहिजे. बाखची भक्ती आणि त्या घरातली शाई या मला वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

सुरुवातीच्या त्या पत्रात तक्रारींनंतर सूर बदलतो. माझी मुलं जन्मजात वादक-गायक आहेत, बायकोचा आवाज स्वच्छ आहे, थोरली मुलगीही बरी गाते. घरच्या घरी मैफल उभी करू शकतो, असं तो अभिमानाने सांगतो. आना माग्दालेनाची १७२५ सालची वही आजही आहे. त्यात नवऱ्याच्या, मुलांच्या आणि इतरांच्या रचना एकत्र आहेत. पियानो किंवा कीबोर्ड शिकणारं पोर सुरुवातीला जो ‘बाखचा मिन्युएट’ वाजवतं, तो याच वहीतला. तो बाखचा नाहीच, पेट्झोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचा आहे, हे विसाव्या शतकात कळलं. घरच्या वहीत प्रत्येक पानावर नाव कोण घालतं?

चेलोसाठीच्या सहा सुइट्सची बाखच्या हातची प्रत हरवली आहे. आज जगभर त्या वाजवल्या जातात त्या मुख्यतः आना माग्दालेनाने केलेल्या नकलेच्या आधारावर. तिचं हस्ताक्षर नवऱ्याच्या हस्ताक्षरासारखं इतकं झालं होतं, की अभ्यासकांचीही गफलत व्हायची. या रचना तिच्याच, असा दावाही मध्यंतरी झाला; तो बहुतेक अभ्यासकांना पटलेला नाही. मला त्या दाव्याची गरजही वाटत नाही. तिला श्रेय द्यायला तिला संगीतकार ठरवण्याची काय आवश्यकता? तिने लिहून ठेवलं म्हणून ते उरलं, हे पुरेसं मोठं आहे.

डोळ्यांच्या दोन शस्त्रक्रियांनंतर २८ जुलै १७५० रोजी बाख वारला. मृत्युपत्र नव्हतं. हस्तलिखितांच्या वाटण्या झाल्या. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान उतारवयात हलाखीत गेला आणि त्याच्या वाट्याचं बरंच काही विकलं गेलं, विखुरलं. कार्ल फिलिप एमानुएलने आपला वाटा जपला. मृत्युलेखात कँटाटांचे पाच वार्षिक संच असल्याचं म्हटलंय. आज उरल्या आहेत सुमारे दोनशे. तीन मुलींसह राहिलेल्या आना माग्दालेनाकडे एका संचाचे, वादक-गायकांसाठी नकललेले सुटे भाग आले होते. ते तिने सेंट थॉमस शाळेला दिले आणि तिला शाळेतल्या घरात आणखी सहा महिने राहता आलं. त्या नकलांमध्ये तिच्या स्वतःच्या हातचे कागदही होते.

फेब्रुवारी १७६०मध्ये ती गेली, तेव्हा शहराच्या नोंदीत तिचा उल्लेख दानधर्मावर जगणारी बाई असा झाला. सगळ्यात धाकटी मुलगी रेगिना सुझाना १८०९पर्यंत जगली. १८०० साली तिच्या मदतीसाठी एका संगीत-नियतकालिकातून आवाहन करावं लागलं. तिने डोळे मिटल्यावर वीस वर्षांनी, ११ मार्च १८२९ला, मेंडेल्सझोनने बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा सादर केलं आणि बाख सगळ्यांचा झाला.

आना माग्दालेनाने शाळेला दिलेले ते कागद मात्र लाइपझिगमध्येच राहिले. आजही ते तिथेच आहेत.