धाव

परवा रात्री पुतण्याचा पुण्याहून फोन. "नाना, एक विचारायचं होतं. हसणार नसाल तर..."

म्हटलं, विचार बाबा. तर याला टायर घ्यायचे होते. साधे नाहीत, शर्यतीचे. पोलो गाडी आहे त्याच्याकडे. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर जाऊन पैसे भरून दिवसभर गाडी पळवायची (याला ट्रॅक डे म्हणतात म्हणे), आणि मधल्या शनिवार-रविवारी ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून त्यांच्यामधून एकेकट्याने घड्याळाशी शर्यत. दोन्हीला चालतील, आणि शिवाय त्याच टायरवर दिवाळीला पिंपळनेरलाही येता येईल असे टायर कोणते?

मी टायरवाला नाही. निवृत्त शिक्षक आहे. पण टायर हा विषय आमच्या घरात जरा हळवा आहे, आणि गेली वीसेक वर्षं मी त्यावर मिळेल ते वाचत आलोय. का, ते पुढे येईलच. पुतण्याला फोनवर सांगितलं ते तुटक झालं, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतोय.

सुरुवात धावेपासून करतो. नव्या पिढीसाठी सांगतो, बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते ती धाव. आमच्या लहानपणी धाव चढवायची म्हणजे गल्लीतल्या पोरांचा सणच. चाकापेक्षा धाव किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी. चर्रर्र आवाज, वाफ, आणि आवळत जाणाऱ्या लोखंडाखाली करकरणारं लाकूड... ती धाव वर्षानुवर्षं टिकायची. पण उतारावर ओला दगड लागला की चाक सरकायचं. लोखंड झिजत नव्हतं, म्हणूनच ते धरतही नव्हतं.

मला वाटतं टायरचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. जे झिजायला तयार असतं तेच जमीन धरतं. रबर रस्त्याच्या खरखरीत दाण्यांमध्ये दबून बसतं, त्यांना चिकटतं, आणि सुटताना स्वतःचा थोडा भाग तिथेच ठेवून येतं. जितकं मऊ तितकी पकड जास्त आणि आयुष्य कमी. हा सौदा चुकवायचा प्रयत्न माणूस पावणेदोनशे वर्षं करतोय.

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केलं. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली, आणि या वेळी सायकलींमुळे ती जगभर पसरली. आपल्याकडे रबरी चाकाच्या बैलगाडीला कित्येक जण 'डनलॉप' म्हणायचे ते यावरूनच. पांझराकान कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या तसल्या गाड्या मी पाहिल्यात. बैलांना त्या हलक्या जायच्या, पण काटा घुसला की बसा!

सुरुवातीचे टायर आतून सुती कापडाचे असत. आपल्या खानदेशाचा कापूस डोळ्यासमोर आणा. आडवे-उभे धागे गाडी पळताना एकमेकांवर घासायचे, तापायचे, तुटायचे. वरचं रबरही पांढरट असायचं. १९१० नंतर त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळायला लागले आणि टायरचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. टायर काळा झाला तो तेव्हा.

त्याच सुमाराची गोष्ट. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. ती रे हॅरून नावाच्या चालकाने जिंकली, सरासरी ताशी ७४.६ मैलांनी. त्याच्याहून जोरात पळणारे होते. पण हॅरूनने हिशेब केला होता की ताशी ७५ च्या आसपास राहिलं तर टायर टिकतात, थोडं वर गेलं की भराभर जातात. बाकीचे टायर बदलायला वारंवार थांबत राहिले, हा आपल्या चालीने चालत राहिला. पहिल्याच मोठ्या शर्यतीत टायर सांभाळणारा जिंकला, हे मला फार आवडतं.

पुढे नायलॉन आलं, पोलाद आलं, रेडियल आले. १९७१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये फायरस्टोनने बिनखाचांचा गुळगुळीत टायर आणला, त्याला स्लिक म्हणतात. कोरड्या रस्त्यावर जेवढं रबर जमिनीला टेकेल तेवढी पकड जास्त, मग खाचा हव्यात कशाला? त्या हव्यात पावसासाठी. पाणी बाहेर काढायला वाट नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा छापलेला असतो. ही पद्धत अमेरिकन सरकारने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणली. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाजवळ ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल टायर पळवतात आणि झीज मोजतात. मूळ तुलनेचा टायर १०० धरला, तर २०० म्हणजे साधारण दुप्पट टिकाऊ. पण आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपूनच करावी. अमेरिकेत ऑटोक्रॉसच्या 'स्ट्रीट' वर्गात २०० च्या खालचा टायर चालत नाही. झालं! सगळ्या कंपन्यांनी कागदावर २०० आणि स्वभावाने जवळजवळ शर्यतीचे असे टायर काढले. नियम आला की पळवाट आलीच, ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही :)

पुतण्याने वाचलेली नावं अशी होती: योकोहामाचा ए०५२, ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २, आणि जरा सौम्य म्हणून पायलट स्पोर्ट ४एस. त्याच्या गाडीच्या मापात सगळे मिळत नाहीत ती गोष्ट वेगळी. पण तुलना समजून घेण्यासारखी आहे.

ऑटोक्रॉसची फेरी साधारण मिनिटभराची. टायर तापायच्या आत खेळ खलास. तिथे थंड असतानाच धरणारा टायर हवा. ए०५२ त्यासाठी नावाजलेला, पहिल्या वळणापासून चिकटतो. पण तोच ट्रॅकवर सलग वीस मिनिटं पिळला तर जास्त तापतो, पकड ढिली पडते आणि रबर भसाभस जातं. कप २ चा स्वभाव उलट. आधी दोन फेऱ्या तापवा, मग तो खरा रंगात येतो आणि टिकून राहतो. मिनिटभराच्या खेळात त्याला आपलं कसब दाखवायला वेळच मिळत नाही. आरई-७१आरएस या दोघांच्या मधे कुठेतरी. ४एसचा आकडा ३००. तो दोन्हीकडे मागे पडेल, पण पावसात घरी आणेल. आणि ऑटोक्रॉस मातीवर असेल, आपल्याकडे बऱ्याचदा असतंच, तर यातला एकही कामाचा नाही. तिथे माती चावणारे, मोठ्या ठोकळ्यांचे टायर लागतात. नाशिकच्या बाजूला महाराष्ट्र रॅली व्हायची, तिथल्या गाड्यांना असत तसले.

हवेचंही तसंच. ट्रॅकवर टायर तापून आतला दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला थोडी कमी हवा ठेवतात. किती कमी, ते कळायला साधा खडू पुरतो. टायरच्या कडेवर खडूने रेघ ओढायची, फेरी मारायची आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते पाहायचं. बाजूपर्यंत पुसली तर हवा कमी, वरच राहिली तर जास्त. तीस वर्षं खडू हातात धरला, पण त्याचा हा उपयोग मला म्हातारपणी कळला!

असो. आता ती हळवी गोष्ट.

आमच्या आण्णांचा भागीदारीतला एक जुना ट्रक होता. पिंपळनेरहून कांदा भरायचा, शेलबारी घाट चढून ताहाराबाद, सटाणा, नाशिक. येताना मिळेल तो माल. १९८६ च्या पावसाळ्यात पुढच्या डाव्या चाकाचा टायर गेला. नवीन घ्यायला पैसे नव्हते, ताईचं लग्न ठरलेलं. आण्णांनी रिमोल्ड बसवला, म्हणजे जुन्याच सांगाड्यावर नवी रबरी पट्टी चिकटवलेला. मागच्या जोडचाकांना रिमोल्ड सगळेच लावायचे. पुढे लावू नये हे आण्णांना माहीत होतं. "दोन खेपा मारू, मग बदलू," म्हणाले.

दुसऱ्याच खेपेला खत भरून शेलबारी उतरताना पट्टी उडाली. ट्रक डावीकडे ओढला गेला. तिकडे डोंगर होता म्हणून आज हे लिहायला मी आहे, कारण त्या दिवशी मीही केबिनमध्ये होतो. मला खरचटलं. आण्णांच्या बरगड्या मोडल्या. आमच्या क्लीनरचा, एकोणीस वर्षांच्या पोराचा, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ट्रक विकला, त्याला जमेल ते दिलं. पुढे आण्णा असेपर्यंत दर वर्षी त्याच्या घरी धान्याचं पोतं जायचं, आणि ते पोहोचवायला आण्णा स्वतः जायचे. तिथे काय बोलणं व्हायचं, ते आम्हाला कधी सांगितलं नाही.

१९ जून २००५. रात्रीचे साडेअकरा. टीव्हीवर अमेरिकन ग्रां प्री, ठिकाण पुन्हा तेच इंडियानापोलिस. आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून उतरलेला, म्हणून मी जागा. आण्णांना झोप कमीच, तेही शेजारी येऊन बसले. शुक्रवारी सरावात तेराव्या वळणावर, त्या उतरत्या भिंतीसारख्या वळणावर, राल्फ शूमाकरचा मिशेलिन टायर फुटून अपघात झाला होता. कंपनीने सांगून टाकलं, या वळणावर या वेगात आमच्या टायरची हमी आम्ही देऊ शकत नाही. वेग कमी करायला मधे अडथळा घालायची मागणी झाली, ती मान्य झाली नाही. सुरुवातीची फेरी झाली आणि मिशेलिनवाल्या चौदा गाड्या एकामागोमाग आत वळल्या. ब्रिजस्टोनवाल्या सहाच उरल्या. प्रेक्षक चिडले. कार्तिकेयन चौथा आला, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. मला आनंद झाला, पण जरा ओशाळवाणाच. म्हटलं, "काय हा तमाशा!"

आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तमाशा नही रे भाऊ. त्यास्ले नही म्हनता उनं."

त्यांना नाही म्हणता आलं. एवढंच. मग उठून झोपायला गेले. एकोणीस वर्षांत त्या अपघाताबद्दल ते माझ्याशी जे बोलले, ते हेच. त्या रात्रीपासून मी टायरबद्दल वाचायला लागलो.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन्हीला चालेल आणि शिवाय घरी आणेल असा टायर नाही. ज्याला तीनही कामं जमतात असं सांगतात त्याला एकही पुरतं जमत नाही. ट्रॅकसाठी आणि ऑटोक्रॉससाठी मऊ टायरचा वेगळा सेट घे, जुन्या रिमवर चढवून ठेव, खेळाच्या दिवशी बदल. पैसे कमी पडत असतील तर वर्षातून दोन ट्रॅक डे कमी कर, हॅरूनने वेग कमी केला होता तसा. तिथे मनसोक्त झिजव. झिजण्यासाठीच ते आहेत.

पण घरी येताना गाडीला साधे, खोल खाचांचे, बऱ्या वयाचे टायर असू देत. दिवाळीला येशील तेव्हा शेलबारी कोरडी असेल कदाचित. पण तू पोळ्यालाही येतोस, आणि तेव्हा घाटात पाणी वाहत असतं. वरच्या वळणावर थांबलास तर डावीकडे डोंगर दिसेल. तो बघ, आणि मग सावकाश खाली ये. आम्ही जेवायला थांबलेलो असू.