तोफ फिरवणारे हात

परंड्याच्या किल्ल्याचा विषय निघाला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात जुनी माणसे हळहळतात, ‘आपली तोफ विजापूरकरांनी नेली.’ ती तोफ म्हणजे मलिक-ए-मैदान. निजामशाहीच्या काळात, १५४९ साली, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती अहमदनगरला ओतली. पुढे ती परंड्याला आली आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार पंडिताने विजापूरला नेली. आज ती तिथल्या शेरझा बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी चार मीटरांहून थोडी जास्त आणि घेर असा, की माणूस तिच्या तोंडात बसू शकेल.

कवी म्हणून मला आधी नावाचीच गंमत वाटते. मलिक म्हणजे धनी. रणमैदानाचा धनी. मराठी जिभेने त्याचे ‘मुलूख मैदान’ केले. अर्थ गेला, पण दरारा वाढला, आणि तोंडाने धडाडणाऱ्या वक्त्यालाही आपण तीच पदवी देऊन टाकली.

ही तोफ परंड्याहून कशी नेली, हे सांगायला सगळेच उत्सुक असतात. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे जुंपली होती, अशी परंपरागत कथा आहे. पण एकदा बुरुजावर चढवल्यावर ती फिरवायचे कसे, हे फारसे कोणी विचारत नाही. शत्रू तर एका जागी उभा राहत नाही. जी तोफ वळत नाही तिच्यासमोरून फक्त बाजूला व्हायचे असते. मग दगडी भिंत आणि तोफ यांत फरक तो काय?

मी साधा बी.ए. झालेला माणूस. पदार्थविज्ञान मला शाळेत कळले त्याहून जास्त घरच्या जात्यावर कळले. जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या कडेला ठोकतात, मधल्या खिळीजवळ नाही. खिळीजवळ हात धरून लहान पोर कितीही रेटो, दगड हलत नाही. कडेला धरले की अम्मी बोलता बोलता एका हाताने ओढायची. जोर तेवढाच, पण तो मध्यापासून किती लांब लावला यावर फिरवण्याची ताकद ठरते. जोर आणि अंतर यांच्या या गुणाकाराला पाठ्यपुस्तकात ‘बलाचे आघूर्ण’ म्हणतात.

दुसरी गोष्ट जडत्वाची. सरळ ओढताना वजन किती ते बघावे लागते; फिरवताना ते वजन मध्यापासून किती लांब पसरले आहे तेही बघावे लागते. याला ‘जडत्वाचे आघूर्ण’ म्हणतात, आणि ते अंतराच्या वर्गाने वाढते. मुलूख मैदान आखूड आणि जाडजूड आहे. तेवढाच धातू दुप्पट लांबीच्या बारीक नळीत ओतला असता, तर वजन तेच राहून ती फिरवणे जवळपास चौपट अवघड झाले असते.

एका विज्ञान शिक्षकांना घेऊन मी हिशेब मांडला. तोफ बरोबर मध्यावर तोलली आहे आणि घर्षण अजिबात नाही, असे धरले. मग वीस किलो उचलायला लागतो तेवढाच जोर एका माणसाने मध्यापासून तीन मीटरांवर लावत राहिला, तर ५५ टनांची तोफ वीस-पंचवीस सेकंदांत पाव फेरा वळेल! एक माणूस! मात्र खरी पंचाईत पुढेच. एकदा वळू लागलेली ती तोफ थांबवायलाही तेवढाच जोर, तेवढाच वेळ, उलट बाजूने लावावा लागेल. पाव फेऱ्यावर रोखायची असेल, तर निम्म्या वाटेतच उलटे रेटायला लागावे.

म्हणजे शेकडो माणसे लागत होती ती घर्षणामुळे. त्याच्यावरचा दख्खनी तोड मला तोफेच्या ओतकामाइतकाच मोठा वाटतो. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या अभ्यासकांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की सोळाव्या शतकात दख्खनच्या किल्ल्यांवर तोफा दुबेळक्यासारख्या लोखंडी आधारावर बसवू लागले. तोफेचे दोन कान दुबेळक्यात, तोंड वरखाली करण्यासाठी. दुबेळक्याचा दांडा खालच्या दगडात रोवलेला, डावीउजवीकडे वळवण्यासाठी. भार बारीक दांड्यावर आला की घर्षण मध्याच्या अगदी जवळ राहते. समजा ते अर्ध्या फुटावरून अडवते आहे आणि गोलंदाज बारा फुटांवरून रेटतो आहे. मग एकाच्या अंगात चोवीस जणांचे बळ येते. जात्याची खीळ आणि खुंटा, तेच हे.

अशा तोफेला उंच, चौफेर मोकळी जागा हवी. नळदुर्गला किल्ल्याच्या आत एकटाच उभा असलेला उपळी बुरुज पाहिला, की हे ध्यानात येते. वर लांब नळीच्या तोफा आहेत, आणि सगळा मुलूख नजरेखाली.

बार उडाल्यावर तोफ मागे रेटते. तो रेटा आसाच्या बरोबर मधून गेला तर ती नुसती मागे सरकू पाहते. थोडा जरी बाजूने गेला, तर तोच रेटा आघूर्ण होऊन तोफ गरकन फिरवतो, आणि जवळच्या माणसांची हाडे मोडतात. म्हणून नळी, कान आणि दांडा एका रेषेत आणणाऱ्या लोहाराच्या हातावर गोलंदाजाचा जीव होता. रूमीचे नाव तोफेवर कोरले आहे. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरवून घेतला. लोहाराचे नाव कुठे नाही, रेटणाऱ्यांचेही नाही.

परंड्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. लोक त्यांच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढतात. मी अलीकडे मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो. रेटायला माणसे तिथेच उभी राहत असणार.