फिशिंग रॉड नेमका कशामुळे मोडतो?

शिरूरची घोड नदी असो की दौंडची भीमा, महागडा कार्बन रॉड अनेकदा मासा काठाशी आल्यावरच मोडतो. घाईत रॉड सरळ उभा केला जातो, सगळा ताण पातळ टोकावर येतो आणि काटकन तुकडा पडतो. रॉड साधारण ४५ अंशांत ठेवा, मासा हातजाळीने उचला. गळ पाण्यातल्या बाभळीत अडकला तर रॉडने हिसके देऊ नका. हाताला जाड कापड गुंडाळून दोरीच ओढा. दुचाकीवरून नेताना पडलेला बारीक ओरखडाही घातक, पुढे ताण आला की रॉड तिथूनच तुटतो. बांबूच्या काठीचे एवढे नखरे नसतात! शिवाय कार्बनमधून वीज वाहते. त्यामुळे काठावर वीजतारा असतील तर तिथे रॉड उघडूच नका.